पाचव्या पायरीवरचा कुकर

माझी पहिली नोकरी लोकांवर संशय घेण्याची होती आणि त्यासाठी मला दर महिन्याला पगार मिळत असे.

तमिळ मुलखात, पेरुंगुडीला एका काचेच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आमची छोटी कंपनी होती. आम्ही परदेशी वेबसाइटना मजकूर पुरवायचो. वीस-बावीस जण दिवसभर लिहीत बसत: कुत्र्यांचा आहार, गळणारे नळ, घटस्फोटाचे वकील, हनिमूनला जायची बेटं. यातलं एकही बेट कोणी पाहिलेलं नव्हतं, आणि घटस्फोटाचं म्हणाल तर निम्म्यांची अजून लग्नं व्हायची होती. लेख पाचशे शब्दांचा. तो गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी माझ्याकडे येई आणि कुठून उचललेला आहे का ते मी बघत असे. पदाचं नाव कॉपी चेकर. आईला ते नीट सांगता येत नसे, म्हणून ती शेजारीपाजारी ‘कॉम्प्युटरमध्ये आहे’ एवढंच सांगायची.

काम ऐकायला सोपं आहे. लेखातलं एक वाक्य घ्यायचं, अवतरणचिन्हांत घालून सर्च इंजिनला द्यायचं. तेच वाक्य जसंच्या तसं दुसरीकडे सापडलं, की लेख परत. खरी कसोटी असते ती वाक्य निवडण्यात. पहिलं वाक्य कधीच घ्यायचं नाही, कारण चोर पहिलं वाक्य हमखास स्वतः लिहितो. शेवटचंही नाही. चौथ्या परिच्छेदापाशी माणूस दमतो, जेवणाची वेळ झालेली असते, आणि तिथे भाषा अचानक सुधारते. तिथलं वाक्य उचलायचं. सहा वर्षांत हा नियम मला फारसा कधी दगा देऊन गेला नाही.

चोरांचेही प्रकार असतात. आमच्याकडच्या एकाने कुत्र्यांवरचा अख्खा लेख घेऊन त्यात ‘कुत्रा’ असेल तिथे ‘मांजर’ केलं होतं. त्याच्या लेखातलं मांजर सकाळी पट्टा बांधून फिरायला जात होतं, मालक घरी आल्यावर शेपूट हलवत होतं आणि पोस्टमनवर भुंकत होतं. दुसरे एक निवृत्त मास्तर घरून लिहायचे. त्यांचं काही केल्या सापडायचं नाही, कारण ते इंटरनेटवरून चोरतच नव्हते. ते जुन्या पाठ्यपुस्तकांतून उतरवून काढत. ‘समोरच्या पानावरील आकृती पाहा’ हे वाक्य गाळायला विसरले, तेव्हा कळलं. मी फोन केला तर म्हणाले, पुस्तक माझ्याच मालकीचं आहे, पैसे देऊन घेतलेलं आहे. त्यांना ते मनापासून पटलेलं होतं.

सापडलेली प्रत्येक गोष्ट मी एका तक्त्यात भरायची: लेख, वाक्य, कुठे सापडलं, तिथली तारीख. आमचे साहेब राघवन सर यांचा नियम एकच होता. ज्या पानावर जुनी तारीख, ते मूळ. नवी तारीख, ती नक्कल. बाकी चर्चा नाही.

हे काम मला मानवलं, कारण त्यात बोलावं लागत नसे. मला आधीपासूनच बोलण्याची धास्ती. इंग्रजी शाळेत गेले, घरी मराठी, खाली रस्त्यावर तमिळ. तिन्ही भाषा येतात आणि तिन्हींत गप्प बसता येतं. ऑफिसात पहिले दोन महिने सगळे मला तमिळच समजत होते, कारण मी ‘सरी’, म्हणजे ‘बरं’, या एका शब्दावर दिवस काढत होते.

बोलायचं राहून जाई ते मी लिहून काढायची. टोपणनावाने माझा एक इंग्रजी ब्लॉग होता. त्याचे वाचक साधारण पंचवीस. त्यातले तीन मीच होते, वेगवेगळ्या कॉम्प्युटरवरून. ब्लॉगवर मी आमच्या घराबद्दल लिहायची आणि घरात ते कोणाला माहीत नव्हतं. त्यातच एक लेख होता आमच्या नवरात्रातल्या गोलूचा. मग त्याच्यावरून जे झालं, ते सांगायला मी बसले आहे.

अड्यारला आमची बिल्डिंग आठ बिऱ्हाडांची. बाबा बँकेत, बदलीवर आले ते इथेच रमले. आई साताऱ्याकडची. नवरात्रात ती घट बसवायची. आजूबाजूच्या घरांत मात्र गोलू असे, म्हणजे पांढरं कापड घातलेल्या विषम संख्येच्या पायऱ्या आणि त्यांवर मांडलेल्या बाहुल्या. संध्याकाळी बायका एकमेकींकडे गोलू बघायला जातात, गाणं म्हणतात, सुंडल म्हणजे हरभऱ्याची कोरडी उसळ खातात. आई नऊ दिवस सगळ्यांचं सुंडल खाऊन यायची आणि आपल्याकडे कोणाला बोलवायला काही नाही म्हणून कानकोंडी व्हायची. शेवटी मी आठवीत असताना तिने ठरवलं, यंदा पाच पायऱ्या.

पायऱ्या बाबांनी केल्या. ट्रंक, त्यावर पेट्या, त्यावर फळ्या. सगळ्यात वरची, म्हणजे पाचवी फळी एका बाजूने जास्तच बाहेर आली होती. डाव्या टोकाला देवीचा कलश ठेवला की उजवं टोक वर उचललं जाई. पाहुण्या यायला अर्धा तास उरलेला. आईने स्वयंपाकघरातून पाच लिटरचा कुकर आणला, त्यात गच्च तांदूळ भरले, झाकण लावलं आणि उजव्या टोकाला ठेवून दिला. फळी गप्प बसली.

पहिल्याच आल्या तळमजल्यावरच्या जानकी मामी. मामी म्हणजे आमच्या बिल्डिंगचं धर्मपीठ. कोणाच्या घरचं तोरण उलटं बांधलंय हे त्यांना जिन्यातून कळायचं. त्यांनी खालून वर एकेक पायरी न्याहाळली आणि नजर पाचव्या पायरीवर, साक्षात कलशाच्या पंगतीला बसलेल्या कुकरवर थांबली. हे काय, त्यांनी विचारलं.

आईने तिच्या तमिळमध्ये, अजिबात न अडखळता सांगितलं, “आमच्या महाराष्ट्रात असतं. अन्नपूर्णा.”

मामींनी मान डोलावली, पुढे झाल्या आणि कुकरला हळदकुंकू लावलं.

इथून पुढे सुटका नव्हती. पुढच्या वर्षी बाबांनी सुताराकडून पक्क्या पायऱ्या करून घेतल्या. त्या हलत नव्हत्या, तरी कुकर ठेवावाच लागला, कारण मामी येऊन आधी कुकरला कुंकू लावत आणि मग बसत. घरात दुसरा मोठा कुकर नव्हता. नऊ दिवस डाळ पातेल्यात शिजायची, म्हणजे शिजायची नाही, आणि बाबा ती निमूटपणे चावून खायचे.

हे सगळं मी ब्लॉगवर लिहिलं. मात्र चेहरा सरळ ठेवून, एखाद्या व्रताची माहिती द्यावी तसं. आणि लिहिता लिहिता मोह झाला म्हणून एक भर स्वतःची घातली. कुकरची शिट्टी काढून ठेवावी, म्हणजे देवीची झोपमोड होत नाही. हे आई कधीच म्हणाली नव्हती. शिट्टी संपूर्णपणे माझी होती, आणि लेखातलं तेच वाक्य मला सगळ्यात आवडायचं.

साधारण वर्षानंतर, नवरात्राच्या तोंडावर, आमच्याकडच्या प्रेमा नावाच्या लेखिकेचा लेख माझ्याकडे आला. गिऱ्हाईक प्रवासी कंपनी, विषय दक्षिणेतले सण. प्रेमा कष्टाळू मुलगी; माहिती गोळा करून आपल्या शब्दांत लिहायची, त्यामुळे तिच्याकडे मी जरा सैल हाताने बघायची. नियमाप्रमाणे चौथ्या परिच्छेदापाशी गेले. तिथे देवी झोपली होती आणि कुकरची शिट्टी काढलेली होती.

मी आधी आजूबाजूला पाहिलं. आपले कपडे दुसऱ्याच्या दोरीवर वाळताना दिसावेत तसं झालं.

प्रेमाला विचारलं. ती सरळ म्हणाली, सणांच्या एका मोठ्या वेबसाइटवरून घेतलंय, एवढं एक वाक्य बदलायचं राहून गेलं. मी ती वेबसाइट उघडली. कमळं, पणत्या, कोपऱ्यात हलणारी ज्योत, आणि मध्ये माझा लेख. लेखक म्हणून ‘आमचा संस्कृती विभाग’. संस्कृती विभागाने माझ्या लेखातले विनोद काळजीपूर्वक वेचून काढले होते, तांदळातले खडे काढावेत तसे. ‘माझी आई’ गेली होती, तिथे ‘जाणते वडीलधारे’ आले होते. फळीचा उल्लेख नाही. कुकर हे समृद्धीचं प्रतीक झालं होतं. आणि बाबांच्या जागी असं वाक्य होतं: ‘या नऊ दिवसांत घरातील पुरुष अर्धकच्च्या डाळीचे व्रत पाळतात.’

मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही. दोन्ही कोणाला दिसू नये म्हणून मी खाली वाकून चप्पल शोधली.

मग तारीख पाहिली. त्या वेबसाइटवर सगळ्याच पानांना एकच तारीख होती, बहुधा वेबसाइट सुरू झाल्याची. ती माझ्या लेखाच्या दोन वर्षं आधीची होती. राघवन सरांच्या नियमाने मूळ ते, नक्कल मी.

तक्ता भरायला बोटं उठेनात. सरांकडे गेले आणि एवढंच म्हटलं की यात ब्लॉग मूळ असावा असं मला वाटतं. का? मी सांगितलं, उचललेल्या मजकुरात कुठेतरी शिवण दिसते. पुरुष अर्धी कच्ची डाळ का खातात, हे वेबसाइटवर कळत नाही. ब्लॉगवर कळतं, कारण तिथे कुकर पायरीवर अडकलेला आहे. सरांनी नीट ऐकून घेतलं. मी सलग एवढं बोलले याचंच त्यांना नवल वाटलं असावं. मग म्हणाले, हे मत झालं, पुरावा नव्हे. ब्लॉगवाल्याला कंपनीतर्फे पत्र लिही.

तो ब्लॉग माझा आहे, हे सांगायची ती वेळ होती. मी ‘सरी, सर’ म्हटलं आणि जागेवर येऊन स्वतःला पत्र लिहिलं.

‘आदरणीय महोदय अथवा महोदया,’ अशी सुरुवात केली. तुमच्या लेखनाबाबत शंका उपस्थित झाली असून तुम्ही मूळ लेखक असल्याचा पुरावा द्यावा. संध्याकाळी अड्यारच्या ब्राउझिंग सेंटरवर बसून उत्तर दिलं. महोदया आहे, लेख माझाच आहे, पुरावा घरगुती स्वरूपाचा आहे. दुसऱ्या दिवशी सरांनी उत्तर दोनदा वाचलं. या बाई उडवाउडवीची उत्तरं देतायत, म्हणाले, काहीतरी लपवतायत. पुन्हा लिही, जरा कडक शब्दांत. मी स्वतःला कडक शब्दांत लिहिलं. वाचून मला इतका राग आला की त्या दिवशी मी उत्तरच दिलं नाही.

हे असं का चाललं होतं, तर केवळ लाज नव्हती. लेख माझा आहे हे सिद्ध करायचं, म्हणजे त्यातली प्रथा खरी नाही, फळी वर उचलली जाऊ नये म्हणून माझ्या आईने ती अर्ध्या तासात रचली आणि वर्षानुवर्षं मामींना तेच सांगत आली, हे जाहीर करायचं. माझं वाक्य मला परत हवं होतं. पण त्याची किंमत आईने मोजायची होती, आणि ती बिचारी घरी स्वयंपाकघरात बेसनाचे लाडू वळत होती.

त्याच आठवड्यात जानकी मामी कागद घेऊन वर आल्या. अमेरिकेतल्या त्यांच्या मुलाने ते पान पाठवलं होतं आणि त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणलं होतं. तुमची प्रथा इंटरनेटवर आली, म्हणत त्यांनी तो कागद आईच्या हातात दिला आणि लाडू घेऊन गेल्या.

आईचा चेहरा उजळला होता. तिने चष्मा लावला आणि एकेका ओळीवर बोट ठेवत वाचायला लागली. तिचं इंग्रजी सावकाश पण पक्कं. मी पाणी प्यायच्या निमित्ताने तिथेच उभी. बोट मध्यावर येऊन थांबलं.

“शिट्टीचं मी कधी म्हटलं?”

मी पेल्यात आणखी पाणी ओतलं.

बोट पुढे सरकलं, डाळीपाशी आलं. तिने कागद खाली ठेवला, चष्मा काढला आणि माझ्याकडे पाहिलं.

“बाबांची डाळ यांना कोणी सांगितली गं?”

मी सगळं सांगितलं. ब्लॉग, टोपणनाव, चोरी, तारीख. स्वतःला लिहिलेली पत्रंसुद्धा. ती रागावेल ती घरातलं चव्हाट्यावर मांडलं म्हणून, अशी माझी तयारी होती. ती रागावली, पण भलत्याच ठिकाणी.

“जाणते वडीलधारे कोण हे?” ती म्हणाली. “घरात ऐन वेळी कोणी वडीलधारं होतं का मदतीला? फळी उडत होती, बायका जिन्यात आलेल्या. डोकं मी चालवलं. आणि नाव त्यांचं?”

“आई, पण मग ते खोटं होतं हे सांगावं लागेल.”

“खोटं असेल. पण माझं होतं ना?” मग म्हणाली, “आणि तुझं नाव कुठंय?”

मी घातलंच नव्हतं, असं मी सांगितलं.

“मग चोराला कशाला बोल लावतेस? बेवारशी दिसलं, उचललं.”

सहा वर्षांच्या नोकरीत चोरीबद्दल मला इतकं लागलेलं दुसरं वाक्य नाही.

आईने पदर खोचला आणि म्हणाली, चल. मी म्हटलं, कुठे? खाली. परक्याला पत्र लिहायच्या आधी मामींना माझ्या तोंडून कळलं पाहिजे. मी तिला थांबवायचा प्रयत्न केला. दोन मजले उतरेपर्यंत तिने तमिळ वाक्य तीनदा पुटपुटून पाहिलं. मामींच्या दारात चपला काढताना तिचा हात कठड्यावर घट्ट होता.

मामी गोलूच्या बाहुल्या पुसत बसल्या होत्या. आईने उभ्या उभ्याच सांगून टाकलं. मामी, तो कुकर खोटा आहे. आमच्याकडे तसं काही नसतं. फळी वर उचलली जात होती, म्हणून ठेवला.

मामींनी हातातली लाकडी बाहुली पुसून पूर्ण केली, खाली ठेवली. “फळी मला दिसली होती,” त्या म्हणाल्या. “डोळे होते की मला.”

“मग कुंकू का लावलंत?”

“तू त्याला देवीशेजारी बसवलं होतंस. बसवल्यावर मी कोण न लावणार?”

आई पाटावर बसलीच. मग मामींनी आईसमोर बाहुल्या आणि एक फडकं सरकवलं आणि आईही पुसायला लागली. मला वाटलं, झालं. तेवढ्यात मामी माझ्याकडे वळल्या.

“पण शिट्टीचं खरं आहे ना? मी तिरुचीला बहिणीला फोन करून सांगितलंय. तिने काढून ठेवली.”

मला शिट्टीबद्दल स्वतंत्र माफी मागावी लागली. कुकर मामींनी एका वाक्यात माफ केला होता. शिट्टीला पंधरा मिनिटं लागली. देवीच्या नावावर थट्टा करू नये, लिहिणाऱ्यांनी तर मुळीच नाही, असं त्यांनी मला सांगितलं आणि ते मी अजून विसरलेले नाही. बहिणीला मात्र त्यांनी परत फोन केला नाही. म्हणाल्या, राहू दे आता, तिला सांगून काय करायचं.

दुसऱ्या दिवशी राघवन सरांसमोर उभी राहिले आणि ब्लॉगवाल्या बाई मीच, असं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, पत्रं ऑफिसच्या वेळात लिहिलीस? हो. आणि उत्तरं? सुटल्यावर, ब्राउझिंग सेंटरवरून. मग ठीक आहे, म्हणाले. तारखेचा नियम मात्र त्यांनी बदलला नाही. त्याच्याखाली एक ओळ वाढवली: शंका असल्यास चेकरने आधी स्वतःला विचारावे. हे त्यांनी गंभीरपणे केलं की कसं, मला आजही सांगता येणार नाही.

वेबसाइटला मी खऱ्या नावाने लिहिलं. उत्तर आलं नाही, पण तीन आठवड्यांनी पान नाहीसं झालं. तोवर उशीर झाला होता. माझ्या धंद्यातली माहिती वापरून मी शोध घेतला, तर त्या पानावरून उचललेली अकरा पानं सापडली. कुठे डाळीचं व्रत होतं, कुठे नव्हतं. शिट्टी सगळीकडे होती. मी अकरांनाही पत्रं पाठवली. दहांनी दाद दिली नाही.

अकराव्या होत्या कोइम्बतूरच्या एक बाई. त्यांचा स्वतःचा छोटा ब्लॉग होता, बहुधा माझ्याएवढेच वाचक असलेला. त्यांनी सविस्तर उत्तर लिहिलं. ही प्रथा आमच्या घराण्यात तीन पिढ्या चालत आलेली आहे. माझ्या सासूबाई शिट्टी स्वतःच्या हाताने काढत. तुम्ही तरुण आहात, दुसऱ्याच्या घरचं आपल्या नावावर खपवू नये. कृपया तुमचा लेख काढून टाका.

मी ते आईला वाचून दाखवलं. म्हटलं, काय लिहू हिला?

आईने विचार केला. “लिही की, तुमच्याकडे आहे तर चालू ठेवा, छान आहे. आमचा लेख आम्ही काढणार नाही. आणि खाली नाव घाल. पूर्ण.”

मी तसंच लिहिलं. खाली माझं नाव, मग आपल्या पद्धतीप्रमाणे बाबांचं नाव, मग आडनाव. आई खांद्यावरून वाचत होती.

“यात त्यांचा काय संबंध?” ती म्हणाली.

मी मधलं नाव खोडलं आणि तिथे तिचं घातलं. तिने ते दोनदा वाचलं आणि मगच मला पाठवू दिलं.